डावं पाऊल

"पुन्हा हलला." चित्रकार क्रम्पने कुंचला खाली ठेवला. "लॉर्डांचं पोर आहे की गांडूळ?"

डॉर्कस बाईसाहेबांचा, म्हणजे लेडी अरबेलाचा, निळा रेशमी झगा घालून तिच्याच खुर्चीत बसली होती. मांडीवर दीड वर्षाचा पेरेग्रीन. त्याचं डावं पाऊल तिच्या उजव्या तळहातात. डॉर्कस त्याची दूधआई. खुद्द आईच्या मांडीवर ठेवलं की पोर असं भोकाड पसरायचं, की तबेल्यातली घोडी दावी तोडायची. म्हणून मांडी आणि हात डॉर्कसचे. चेहरा तेवढा बाईसाहेब शेवटी बसून देणार. मोठ्या घरांची रीतच ती. मानपान चेहऱ्याला, बाकीचं अंग नोकरांनी पुरवायचं.

बाईसाहेबांनी बजावलं होतं, "चित्रातलं पोर रंगवून झालं की दूधआईने त्याच संध्याकाळी निघायचं."

म्हणून तर पोर हलत होतं. डॉर्कसची करंगळी गुपचूप त्याच्या तळव्यावर फिरायची. तो खिदळायचा, वाकडा व्हायचा, आणि क्रम्पला रंगवलेलं पाऊल पुसावं लागायचं. उन्हाळा असाच सरला. बागेतली सफरचंदं उतरली. ज्या क्रम्पने एका दुपारी अख्खा बिशप घोड्यासकट उरकला होता म्हणतात, तो एका इवल्या पावलावर अडून बसला.

एके सकाळी तो हळूच जवळ आला. "बाई, पोर हलतंय की कोणी हलवतंय?"

डॉर्कसने मान खाली घातली.

"मला काय, इथलं हरणाचं मटण झकास असतं. पण उद्या बाईसाहेब चेहरा द्यायला येतायत. पाऊल अपुरं दिसलं तर तुझ्या जागी दुसरी बसवतील. आज करंगळी आवर. माझ्यासाठी नको, स्वतःसाठी. निदान चित्रात तुझा हात तरी राहील त्याच्यापाशी."

करंगळी थांबली. पोर गुदगुल्यांची वाट बघत राहिलं. मग मान वर करून, ओठ अर्धवट उघडे ठेवून, डॉर्कसकडे एकटक बघू लागलं. क्रम्पने नेमकं तेवढंच टिपलं. संध्याकाळी गाडी डॉर्कसला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी चित्रातल्या तिच्या गळ्यावर बाईसाहेबांचा चेहरा बसला.

पुढे कित्येक वर्षांनी तो वाडा बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या घोळक्यात, काठी टेकत, एक पिकल्या केसांची म्हातारी शिरली. चित्रापुढे खुद्द लॉर्ड पेरेग्रीन उभे होते. आता अंगाने चांगले आडवे झालेले, डोकीवर पांढऱ्या केसांचा टोप.

"काय ती माया!" एक बाई म्हणाली. "बघा तरी, पोर आईकडे कसं बघतंय."

म्हातारीने उजवा हात शालीत ओढून घेतला.

"आईने मला कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही," लॉर्ड म्हणाले. मग जरा ओशाळून हसले. "पण एक वेडेपणा सांगतो. इथे उभा राहिलो ना, की माझ्या डाव्या तळव्याला गुदगुल्या होतात."