गुलाबी पाणी

दुर्गा आपल्या लेकीचं, रिंकूचं, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं कार्ड पदरात धरून तलावाच्या बांधावर, पाळीवर येऊन टेकली, तेव्हाच भागीरथेच्या ध्यानात आलं की या रविवारचा फोन काही आपल्या वाट्याला येत नाही.

गावात रेंज मिळते ती इथेच, पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली. दर रविवारी पाच वाजता बेंगळुरूहून लेकीचा, दिव्यानीचा फोन येतो. तोवर भागीरथा जाळं विणत बसते. एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दुसरं हातात. पोरगी दीड वर्ष गावी फिरकली नाही. कोणी विचारलं की भागीरथेचं उत्तर तयार असतं, "सिकलसेलचं औषध बनवून राह्यली ना बाप्पा, कशी येईन?" लोक गप्प होतात. दुर्गा गप्प बसली नाही, एवढंच.

फोन वाजला. भागीरथेने स्पीकर लावला, अन् ती काही बोलायच्या आत दुर्गा बोलली, "दिव्यानी, मी दुर्गा. नऊ वर्साची पोट्टी रातभर हातपाय दुखते म्हणून रडते वो. तुह्यं औषध कधी भेटन?"

"कोणतं औषध, वहिनी?"

भागीरथा जाळ्यात मान खुपसून गाठी मारू लागली.

पोरगी मात्र वैतागली नाही. तिने नीट समजावलं. "मी औषध नाई बनवत, वहिनी. रबराच्या पातळ पडद्यावर फुफ्फुसाच्या पेशी वाढवते. मशीन तो पडदा ताणते, सोडते, ताणते, सोडते. असं केलं त बाहेरून दिलेला जीन पेशीत जास्त जाते. जीन म्हणजे शरीर कसं घडवायचं त्याचा कागद समजा. खराब कागदाच्या जागी चांगला पोचवायचा. पण हे सारं प्रयोगशाळेतल्या बशीत, माणसात नाई. किती ताणायचं, तेच अजून शोधून राह्यलो. कमी ताणलं त आत जात नाई, जास्त ताणलं त पेशी मरते."

भागीरथेचा हात थांबला. हे तिला कळलं. जाळं ढिलं सोडलं की भोक मिटतं, पार ओढलं तरी मिटतं. मधे कुठंतरी ते नीट उघडतं. दीड वर्षात पोरीचं काम आज पहिल्यांदा समजलं, अन् तेही दुसरीला सांगताना.

"तोवर रिंकू केवढी होईन?" दुर्गाने विचारलं.

"मले नाई सांगता येत. खोटं कायले बोलू? दवाखान्यातल्या गोळ्या बंद नका करू तिच्या."

भागीरथेने फोन आपल्याकडे ओढला. "दिवाळीले येशीन ना?"

"पेशी जित्या असतेत, आई. दर दोन दिवसांनी त्याईचं पाणी बदलावं लागते. गुलाबी पाणी. तेच त्याईचं जेवण. मी नसली त मरतीन."

तू काय जेवलीस, एवढंच भागीरथेला विचारायचं होतं. पण कागद, मशीन अन् रिंकूच्या दुखण्यापुढे ते फार बारीक वाटलं. तोंडातून भलतंच निघालं.

"ताणताना दुखत असन का त्याईले?"

पोरगी हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"ते मोजत नाई आम्ही, आई."

फोन ठेवला गेला. दुर्गाने कार्ड पदराच्या गाठीत बांधलं, लुगड्याची माती झटकली.

"मावशी, औषध नाई बनवत, मंग दिव्यानी येत काऊन नाई?" बोलण्यात डंख नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"पेशीले जेवू घालावं लागते ना."

"अन् तिले कोन घालते?"

दुर्गा पाळीवरून उतरून दिसेनाशी झाली, तेव्हा भागीरथेने जाळ्यातून अंगठा सोडवला. त्यावर दोऱ्याचा लाल वळ उमटला होता. तिने तो थोडा वेळ चोळला, अन् जाळं पुन्हा त्याच वळात अडकवलं.