माणसं टिकत नाहीत

शहरातल्या व्यावसायिकांच्या मंडळात एका सेवाभावी संस्थेच्या बेकरीला सभासद करून घ्यायचं म्हटल्यावर एका हॉटेलमालकांनी नाक मुरडलं. बैठक त्यांच्याच हॉटेलात होती, त्यामुळे आवाज जरा चढाच होता.

"धंदा म्हणजे पोरखेळ नाही, ताई. तुमच्या बेकरीत वर्षभरसुद्धा माणूस टिकत नाही!"

"खरंय," बेकरीच्या ताई म्हणाल्या. "ज्यांना कुणी दारात उभं करत नाही, त्यांना आम्ही काम शिकवतो. शिकले की जातात."

"जातात तरी कुठे?"

तेवढ्यात मालकांचा लाडका आचारी चहा घेऊन आत आला आणि दारातच ओरडला, "अरे, आपल्या ताई!" त्यासरशी काउंटरवरची मुलगी आणि दोन्ही वेटर धावत आले.

मालकांनी आ वासला.

"तुमच्याकडे टिकतात ना?" ताईंनी काळजीने विचारलं.