बाहेरचा चहा

चौऱ्याहत्तर साली मास्तरीण पंचफुला वाशिमबाहेरच्या शांत नव्या कॉलनीत राहायला आली. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावर रंगूबाईचं हॉटेल दिसलं, तशी ती घरचा कप घेऊन दाराबाहेर उभी राहिली. तिच्या गावात त्यांच्या वस्तीला चहा असाच मिळे, उंबऱ्याबाहेर, वरून ओतलेला. “बाहेर चहा देत नाई मी,” रंगूबाई म्हणाली. म्हणजे इथे तेवढाही नाही! पंचफुला वळली. “अवं, चालली कुठी? खुर्च्या काय पूजेले ठेवल्या?” पंचफुलानं सांगूनच टाकलं, “मावशी, आमी बौद्ध आहो.” “अन् मी चहावाली. ये, बस!” आतली माणसं वळून बघू लागली. “सरका रे, बाईले खिडकीपाशी बसू द्या.” माणसं सरकली. आधण ठेवत रंगूबाईनं विचारलं, “साखर किती टाकू?” हॉटेलात हे पंचफुलाला कुणी कधी विचारलं नव्हतं. “दोन चमचे,” ती म्हणाली, मग जरा मोठ्यानं, “तीन!”