सोवळं वाळेना

गौरी माहेरी आल्या, पण ऊन काही आलं नाही. माईंचं धुतलेलं सोवळं कालपासून दांडीवर ओलंच लटकत होतं, आणि ते नेसल्याशिवाय त्या पुरणाला हात लावणार नव्हत्या.

सून वरदा हिनं हौसेनं आणलेला कपडे वाळवायचा ड्रायर कोपऱ्यात रुसून बसला होता. "असल्या पेटीतलं कापड गौरींना चालायचं नाही," म्हणत माईंनी तो परत न्यायला दुकानाचा माणूस बोलावला होता.

"माई, एकदा आत गेलं की कुणाचा हात लागत नाही," वरदा हळूच म्हणाली. "दांडीवर निदान मांजर तरी चढतं."

माई थबकल्या. मग त्यांनी काठीनंच सोवळं उचललं, काठीनंच ड्रायरमध्ये ढकललं, बटणही स्वतःच दाबलं आणि समोर पाट टाकून राखणीला बसल्या. मुलगा जवळून गेला, तर म्हणाल्या, "शिवू नकोस रे."

सोवळं कोरडं, उबदार निघालं. पुरण शिजलं, आरती झाली, आणि दुकानाचा माणूस दारात उभा राहिला. वरदाचा चेहरा उतरला.

"त्याला पानावर बसव," माई आतून म्हणाल्या. "पोटभर जेवू दे. पण ड्रायर सोवळ्यात आहे म्हणावं, शिवायचं नाही."