वारा शून्य

वादळाचं गणित मांडणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे ‘वादळवाली’ म्हणत. किनाऱ्याचा नकाशा चौकोनांत कापायचा, संगणकावर वारा सोडायचा आणि समुद्राचं पाणी कुठवर चढतं ते बघायचं, हा तिचा रोजचा उद्योग.

नवं वादळ घालण्याआधी ती मॉडेलची एक परीक्षा घेई. वारा शून्य करायचा. वाराच नाही म्हटल्यावर पाण्याने जागचं हलता कामा नये.

त्या दुपारी समुद्र आरशासारखा पडून राहिला. फक्त एका चौकोनात पाणी तीन फूट चढलं. तेही किनाऱ्यापासून चांगलं दोन मैल आत, जमिनीवर.

आपलंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून तिने आकडे तपासले आणि मॉडेल पुन्हा चालवलं. चौकोन तोच. पाणी साडेतीन फूट.

तिने तो चौकोन मोठा करून पाहिला. त्यात एकच घर होतं, मावशीचं.

तिने फोन लावला. “मावशी, बरी आहेस ना? घरात पाणीबिणी नाही ना आलं?”

“कसलं पाणी? बाहेर रखरखीत ऊन आहे,” मावशी हसली. “मी आपली पलंगावर पाय वर घेऊन बसलेय.”

“पाय वर का?”

“का म्हणजे? मघाशी तूच नाही का सांगून गेलीस? नखशिखान्त निथळत होतीस. उंबऱ्यावरचं पाणी अजून वाळलं नाही बघ.”

ती सकाळपासून खुर्चीवरून उठलीसुद्धा नव्हती.

तिने तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आतच फोनमधून, मावशीच्या मागून, तिचाच आवाज आला.

“मावशी, अजून वर सरक.”