अर्थिंगचं पाणी

निळ्या पडद्यावर पिवळी पट्टी सरकत सरकत निम्म्यावर आली आणि थांबली.

"परत अडकला," अंजू म्हणाली आणि हसली.

तिचा नवरा हरेश ओटीच्या दारात उभा होता. बंद पडलेल्या कॉम्प्युटरकडं बघून हसण्यासारखं काय असतं, ते त्याला कळलं नाही. काल संध्याकाळी याच कॉम्प्युटरपुढं ती डोकं धरून बसली होती. तिच्या क्लासची पोरं शिकायला येत होती आणि तशीच परत जात होती.

कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेला स्वरूप खाली मांडी घालून बसला होता. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडून आतली मेमरीची एक पट्टी काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली. अंजू शेजारी बॅटरी धरून वाकली होती. तिच्या केसांत अबोलीचा गजरा होता. घरात सण नव्हता, कुणाचं लग्न नव्हतं.

"डिस्क मागच्या खेपेला बदलली, मॅडम. तीपण खराब दाखवते. चारही मशीन नवीन, आणि चारही अशीच कशी अडकतात?"

पहिल्या खेपेला तो तिला वहिनी म्हणाला होता.

त्याला कल्याणहून मुरबाडला आणायचा हरेशच. स्वतःच्या जीपमधून, पुढच्या सीटवर बसवून. बूथवर जाऊन त्याला फोन मात्र अंजू करायची. आजही रस्ताभर स्वरूप डिस्कबद्दल बोलत होता आणि हरेश त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडं बघत गिअर टाकत होता.

"उरकलं का?" हरेश म्हणाला. "जीपमध्ये शिटा बसल्यात माझ्या. उन्हात बोंबलतायत."

"अहो, थांबा की जरा. सर बघतायत ना."

"सर बघतायत, ते मी पण बघतोय."

स्वरूपला ती मस्करी वाटली. तो हसला. पिशवीतून त्यानं वायरी जोडलेला एक बल्ब काढला आणि भिंतीवरच्या प्लगमध्ये एक टोक करंटच्या भोकात, दुसरं अर्थिंगच्या भोकात धरलं. बल्ब पेटल्यासारखा झाला, पण उजेड काही पडला नाही.

"हे बघा. अर्थिंग मेलंय. म्हणून मशीन अडकतात, म्हणून डिस्क जातात. मीठ-कोळसा घालून खड्डा करून दिला होता ना मागं? त्यात रोज पाणी ओता म्हटलं होतं. ओतता ना?"

अंजू काही बोलायच्या आत उंबऱ्यावरून उत्तर आलं. हरेशची आई धोंडूबाई तिथं तांदूळ निवडत बसली होती.

"ओतते तर काय! टँकर आला तर आला, नाय तर नाय. आन् ही रोज भरला हंडा घेऊन मागं जाते. माणसांना नाय पाणी, मातीला पाजते!"

सगळे परसात गेले.

स्वरूपनं खड्ड्यावरची फरशी सरकवली आणि आत हात घातला. कोरडा कोळसा वर आला. मिठाचे खडे घातले होते तसेच होते. कडेनं मुंग्यांची रांग चालली होती.

हातभर अंतरावर अबोली होती. सगळ्या परसात तेवढंच हिरवं. तिच्या बुडाची माती ओली होती, काळी.

हरेशनं अबोलीकडं पाहिलं. मग अंजूच्या केसांकडं. अंजूनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"हे तर ठणठणीत कोरडं आहे, मॅडम," स्वरूप म्हणाला. "यात कुणी पाणी घातलंच नाही."



"मीच नको म्हटलं तिला," हरेश म्हणाला. "टंचाईत कशाला घालतेस, म्हटलं. ती काय करणार?"

"अरे पण हंडा तर रोज..." धोंडूबाई म्हणाली.

"आये, तू गप."

स्वरूपनं मान हलवली. "कमाल करता, दादा. एवढ्याशा पाण्यापायी नव्या डिस्क घालवल्यात तुम्ही."

"चुकलं माझं."

स्वरूपला काहीच कळलं नव्हतं. हरेशला ते तसंच राहायला हवं होतं.

अंजू आतून हंडा घेऊन आली. हरेशनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि सगळाच्या सगळा खड्ड्यात रिकामा केला. कोळसा चुरचुरला. पाणी दिसेनासं झालं. त्यानं आत जाऊन दुसरा हंडा आणला, प्यायच्या पाण्याचा. धोंडूबाई बघत राहिली.

थोड्या वेळानं प्लगमध्ये परत धरलेला बल्ब लख्ख पेटला.

"झालं," स्वरूप म्हणाला. "पाणी चालू ठेवा. मग मला यायची गरज नाही."

"नाय लागणार," हरेश म्हणाला, आणि त्याची पिशवी स्वतःच उचलून जीपकडं चालायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून जीप बाहेर काढायच्या आधी हरेश हंडा घेऊन मागं जायला लागला. "द्या, मी घालते," अंजू म्हणायची. तो द्यायचा नाही. कॉम्प्युटर सुरळीत चालले. पोरं परत यायला लागली. वैशाखात अबोली उभ्या उभ्या वाळली. तिला कुणी हात लावला नाही.

एका सकाळी धोंडूबाईला राहवलं नाही.

"मिठाच्या खड्ड्यात काय उगवणार हाय रे, एवढं पाणी घालतोस ते?"

हरेशनं हंडा उपडा करून शेवटचे थेंबही झटकले.

"काय उगवू नये म्हणूनच घालतो, आये."