फळीचा बोल

सकाळी साडेदहाला पास्कू घोन्साल्विसच्या रंध्याखाली गिटारची वरची फळी फाटली. वसईतल्या त्याच्या कारखान्यात या महिन्यात फाटलेली ही चौथी. आता देवदाराची एकच फळी उरली होती, आणि तसं झाड कुठेच उभं नव्हतं.

फळी रंधत जायचं, मधूनमधून टिचकी मारायची आणि बोल खुलला की थांबायचं, हे तो चाळीस वर्षं करत आला होता. पण शहरातल्या गोंगाटावर उपाय म्हणून कानात बसवलेलं यंत्र प्रत्येक आवाज गोड करूनच आत सोडायचं. पहिल्या टिचकीपासून फळी गोडच बोलायची, त्यामुळे थांबायचं कुठे ते कळेना आणि फळी पातळ होऊन फाटायची. यंत्र नसेत रुजलं होतं. काढता येत नव्हतं.

त्याच्या लेकीने, एल्विनाने, ते बसवून घेतलं नव्हतं.

"डॅडी, ही मी ऐकते. तुम्ही फक्त रंधा चालवा."

"तू? तू चर्चमध्ये गायला लागलीस की फादर घंटा वाजवायचे."

"म्हणून तर इथे तुमचा भुसा झाडतेय."

तो हसला. "आज मात्र आवाज छान लागलाय तुझा."

"आठ दिवस घसा बसलाय, डॅडी."

पास्कूने शेवटची फळी घेतली आणि ती म्हणाली तिथे रंधा थांबवला.

"खुलली?"

"खुलली, डॅडी."

पूर्वी ती खोटं बोलली की तिचा आवाज किंचित कापायचा; आता यंत्रातून तोही गोडच येत होता. दुपारी एक वाजता पास्कू अजून त्या फळीला टिचक्या मारत बसला होता.